आपला दिवाळीचा फराळ किती जुना?



गेल्या आठवड्यात पुण्याहून सूनबाईचा फोन आला. "आई, यंदा फराळ बाहेरून मागवायचा का? मला सुट्टी दोनच दिवस आहे आणि तुमचे गुडघेही दुखतात." तिने काळजीनेच विचारले होते. पण माझ्या तोंडून पटकन गेले, "अगं, आपल्या घरात परंपरा आहे. नऊ पदार्थ घरीच होतात." ती गप्प झाली. फोन ठेवल्यावर मीही गप्प झाले. ही नऊ पदार्थांची परंपरा नक्की कधीपासूनची? कोणी सांगितली? मी बी.कॉम. झालेली बाई, जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून घरातल्या सासूबाईंच्या जुन्या वह्या काढल्या, बस्तीतल्या कपाटातली पुस्तके चाळली आणि जे हाती आले ते तुमच्यासमोर मांडते आहे.

सुरुवात आपल्या दिवाळीपासून करू. भगवान महावीरांचे निर्वाण पावापुरीला झाले, इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये, अमावास्येच्या पहाटे. श्वेतांबर परंपरेतल्या कल्पसूत्रात असे येते की, काशी आणि कोसलच्या अठरा गणराजांनी त्या रात्री दिवे लावले, कारण ज्ञानाचा प्रकाश मावळला होता. आपल्या दिगंबर परंपरेत आचार्य जिनसेनांनी हरिवंशपुराणात ही कथा सांगितली आहे आणि लोक दरवर्षी दीपालिका साजरी करतात असेही लिहिले आहे. हे पुराण शके ७०५ चे, म्हणजे इ. स. ७८३ चे. बाराशे वर्षांहून जुना लेखी पुरावा! त्याच अमावास्येला गौतम गणधरांना केवलज्ञान झाले, असे आपण मानतो.

आता गंमत बघा. या कथांमध्ये दिवे आहेत, पूजा आहे, उपवास आहे. चकली, करंजी, चिवडा कुठेच नाही. आपल्या दिवाळीचा खरा, धर्माशी जोडलेला पदार्थ एकच, पहाटे बस्तीत चढवायचा निर्वाण लाडू. बाकीचे सगळे डबे नंतर आले. फराळ हा शब्दसुद्धा फलाहारावरून आला आहे. उपवासाला घ्यायची फळे कुठे आणि तेलात तळलेली कडबोळी कुठे!

याचा अर्थ आपल्या पूर्वजांना गोडाधोडाची आवड नव्हती असे मुळीच नाही. पिंडनिर्युक्ती नावाचा जुना श्वेतांबर ग्रंथ आहे. साधूंनी आहार कसा घ्यावा आणि कसा घेऊ नये, हा त्याचा विषय. त्यात क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांच्या पोटी भिक्षा घेतली तर काय होते, याच्या चार कथा आहेत आणि चारही कथांत एकेक पक्वान्न आहे. क्रोधाच्या कथेत घेवर, मानाच्या कथेत शेवया, मायेच्या कथेत मोदक आणि लोभाच्या कथेत सिंहकेसर मोदक. लोभाच्या कथेतले साधू मनात सिंहकेसर मोदकच हवा असे धरून दारोदार फिरतात. दुसरे काही वाढले तर नको म्हणतात. रात्र झाली तरी भान नाही. शेवटी एक शहाणा श्रावक त्यांच्या पात्रात मोदक घालतो आणि वेळ किती झाली असे हळूच विचारतो. साधू वर आकाशाकडे पाहतात आणि एकदम शुद्धीवर येतात. मला ही कथा फार आवडते. मोदक वाईट आहे असे ती म्हणत नाही. मोदकाने वेळेचे भान घालवले, ते वाईट. आणि इतिहासाच्या दृष्टीने बघितले तर तुपातले घेवर, सणाच्या शेवया आणि लाडू-मोदक हे आपल्या स्वयंपाकघरात किती जुने आहेत ते यावरून कळते.

आपण सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या जैन बायका. आपली अर्धी मुळे कन्नड मुलखात आहेत. आपल्या कित्येक घरांत आजीच्या तोंडी अजून कानडी आहे. म्हणून तिकडचे ग्रंथही आपलेच. चालुक्य राजा जयसिंह दुसरा याच्या काळात, इ. स. १०२५ च्या सुमारास, दुसऱ्या चावुंडरायाने कन्नडमध्ये 'लोकोपकार' लिहिला. (श्रवणबेळगोळला गोमटेश्वर उभारणारे चावुंडराय वेगळे, ते याच्या आधीचे.) विहीर कुठे खणावी, घर कसे बांधावे, सुगंधी द्रव्ये कशी करावीत, अशा संसारी गोष्टींचे हे पुस्तक. त्यात स्वयंपाकाचाही भाग आहे. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याने संस्कृतात 'मानसोल्लास' लिहिला. हे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. राजाचे ताट म्हटल्यावर त्यात आपल्याला न चालणारेही पुष्कळ आहे, पण मंडक आहेत, म्हणजे आपले मांडे! बेळगावच्या लग्नात मांडे वाढले की मला हमखास वाटते, नऊशे वर्षांची वस्तू आपण हातात धरतो आहोत.

आणि सर्वांत आपला म्हणावा असा ग्रंथ म्हणजे मंगरस तिसरा याचे 'सूपशास्त्र'. हा मंगरस कल्लहळ्ळीचा जैन अधिपती आणि कवी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने 'सम्यक्त्वकौमुदी', 'नेमिजिनेश संगती' असे धार्मिक ग्रंथ लिहिले आणि त्याच लेखणीने स्वयंपाकाचा ग्रंथही लिहिला, तोही पद्यात आणि पूर्ण शाकाहारी. सहा अध्याय. पोळ्या, तळणीचे आणि गोड पदार्थ यांचा एक, मग पेये, भात, भाज्या, केळी-फणसाचे प्रकार, बांबूचे कोंब आणि आवळा. एक पूर्ण अध्याय वांग्याचा आहे! हे वाचून मला हसू आले. आमच्या घरात सासूबाईंनी वांगे बहुबीज म्हणून कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही, आणि इथे एक जैन राजकवी वांग्याचे पदार्थ ओळीने सांगतो. म्हणजे कोणते खावे आणि कोणते सोडावे याची चर्चा आपल्यात तेव्हाही चालूच असणार. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात ओले आले, मुळा, लोणी अशी नावे घेऊन सांगितले की, ज्यात फळ थोडे आणि जीवांचा घात फार, ते सोडावे. लोणी काढल्याबरोबर कढवून तूप करायची आपल्या घरांतली घाई त्यातूनच आली. यादी घराघरांत, गावागावांत थोडी बदलली. मागचा विचार मात्र बदलला नाही.

आता मंगरसाच्या स्वयंपाकघरात काय नव्हते ते पाहू. मिरची नव्हती. शेंगदाणे नव्हते. काजू नव्हते. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली आणि हळूहळू पसरली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, सुंठ, पिंपळी. तेव्हा आपण ज्याला पारंपरिक चिवडा म्हणतो, तिखट घातलेला, भरपूर शेंगदाणे आणि काजूचे तुकडे असलेला, तो काही अनादिकाळापासूनचा नाही. चकलीतले लाल तिखटही नवेच.

पुढचा टप्पा छापील पुस्तकांचा. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे मराठी 'सूपशास्त्र' आले. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा'. कमलाबाई आपल्या सांगलीकडच्याच. वाटी आणि चमचा हे माप त्यांनी घराघरांत नेले. त्याआधी आई सांगायची, "हाताला येईल तेवढे घे." आता आमच्या पिढीच्या मुलींचा हात घडायच्या आधीच लग्न होऊन त्या परगावी जायच्या, त्यांना वाटीने तारले. मात्र याच पुस्तकांमुळे वेगवेगळ्या जातींचे, गावांचे पदार्थ एका यादीत आले. कोणाची अनारसे, कोणाची चिरोटे, कोणाची कडबोळी. सगळ्यांचे सगळे प्रत्येकीला येऊ लागले, आणि मग यायलाच हवे असे झाले.

आणि साखर! कोल्हापूरकडे गूळच होता. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही गुळाची पेठ. सणाला गोड म्हणजे गुळाचे. मग साखर कारखाने आले. आपल्या सोलापूरच्या जैन घराण्यातले वालचंद हिराचंद यांचा नाशिक जिल्ह्यातला रावळगावचा कारखाना १९३३ चा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० चा. तरी साखर सहज मिळत नव्हती. तुमच्यातल्या साठीच्या मैत्रिणींना आठवत असेल, दिवाळीला रेशनवर जादा साखर मिळायची. मी पिशवी घेऊन वडिलांबरोबर त्या रांगेत उभी राहिलेली आहे. साखर इतकी तोलून मापून, तर नऊ डबे कशाचे भरणार? माझ्या माहेरी दिवाळीला चारच पदार्थ व्हायचे. लाडू, शेव, शंकरपाळी, करंजी. करंजी मोजून.

मग डबे वाढले कसे? माझ्या मते वनस्पती तुपाने. डालडा बाजारात आला १९३७ मध्ये. पुढे इतर कंपन्याही आल्या. तेलावर प्रक्रिया करून घट्ट केलेले, दिसायला तुपासारखे, किमतीला निम्म्याहून कमी. तुपात त्याची भेसळ ओळखता यावी म्हणून सरकारने त्यात पाच टक्के तिळाचे तेल घालायची सक्ती केली होती. साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की तिळाच्या तेलाला लाल रंग चढतो आणि चोरी पकडली जाते. चोरी तुपातली. खुद्द वनस्पतीत कोणी काही मिसळेल, हा विचार आम्हा गृहिणींच्या मनात आला नव्हता.

१९८३ साल. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझे लग्न झाले होते आणि सासरची ती पहिली दिवाळी. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत यायला लागले की, परदेशातून आयात केलेली गाईची चरबी काही ठिकाणी वनस्पती तुपात मिसळली गेली आहे. संसदेत गदारोळ झाला, सरकारने चरबीची आयात बंद केली. सासऱ्यांचे पेठेत दुकान, त्यामुळे बातमी घरात रोज चर्चेला. पण आमच्या घरी वनस्पतीचा मोठा डबा आधीच आणून ठेवला होता आणि सगळे म्हणत होते, आपला डबा चांगल्या छापाचा आहे, त्यात काही नसणार. त्यावर आम्ही शंकरपाळी, करंज्या, चिरोटे केले. मी नवी नवरी, हौसेने पहाटेपासून लाटत होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई बस्तीतून आल्या. तिथे बायकांत तोच विषय होता. त्या काही न बोलता हिशेबाची वही घेऊन बसल्या. मी शेजारी जाऊन बसले. वहीत दोन ओळी होत्या. एक, 'निर्वाण लाडवास साजूक तूप.' दुसरी, 'फराळास वनस्पती.' त्यांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "बघ, देवाला एक तूप आणि लेकरांना एक. चूक इथेच झाली."

मी म्हटले, "आई, आपल्या डब्यात काही नसेलही."

"नसेलही. पण आता शंका आली की नाही? शंका आली म्हणजे संपले."

मी विचारले, मग गडीमाणसांना देऊन टाकायचा का? सासूबाई कधी रागवत नसत, त्या दिवशी रागावल्या. "जे आपल्या तोंडात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात घालायचे?" सगळा फराळ सासऱ्यांनी शेतात नेऊन पुरला. डब्यात खरोखर काही होते की नव्हते, हे आम्हाला कधीच कळले नाही. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीला फक्त बुंदीचे लाडू झाले, घरच्या तुपातले. पहाटे बस्तीत चढवले आणि मुलांना तेच वाटले. सासूबाईंनी चातुर्मासाला आलेल्या महाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त मागितले आणि पुढच्या दिवाळीपर्यंत गोडाचा त्याग केला. वर्षभर त्यांनी माझ्या हातचे गोड खाल्ले नाही. पुढच्या दिवाळीचा पहिला लाडू मात्र त्यांनी मला हाताने भरवला.

वनस्पती आमच्या घरात परत आले नाही. आता डॉक्टरही तेच सांगतात. त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे हृदयाला धोका म्हणून सरकारने २०२२ पासून तेला-तुपात त्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणले आहे. सासूबाईंना हे शब्द माहीत नव्हते. त्यांनी हिशेबाच्या वहीतून ओळखले.

पण मैत्रिणींनो, खरे सांगू? तूप बदलले तरी डबे मी कमी केले नाहीत. उलट पुढच्या चाळीस वर्षांत चाराचे नऊ झाले, आणि ते मीच केले. म्हणजे ज्या परंपरेचे नाव घेऊन मी सुनेला गप्प केले, तिचे वय माझ्या संसाराएवढे! जुनी आहे ती मर्यादा. आमच्याकडे व्रती लोक पाळतात तो हिशेब असा. दळलेले पीठ हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन दिवस चालते. पाणी न घालता केलेली मिठाई पिठाइतकी टिकलेली धरतात. पाण्याचा अंश असला तर चोवीस तास. आणि मर्यादेच्या हिशेबात पावसाळा कार्तिक पौर्णिमेपर्यंत धरतात, म्हणजे थंडी पडली तरी दिवाळीला तीनच दिवस! पंधरा दिवस आधी फराळाला लागून महिनाभर डबे पुरवायचे, हे आपल्या शास्त्राला धरून कधीच नव्हते. आपल्यापैकी बहुतेक घरांत फराळाच्या बाबतीत हे पाळले जात नाही, माझ्याही घरात नव्हते. कोणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पण थोडे, ताजे आणि घरचे, एवढेच आपल्याकडे मागितले आहे. नऊ डबे मागितलेले नाहीत.

म्हणून काल मी सुनेला फोन केला. म्हटले, "बाहेरून काही मागवू नकोस आणि मीही महिनाभर ओट्यापाशी उभी राहणार नाही. तू धनत्रयोदशीला ये. आपण दोघी मिळून तीन पदार्थ करू. निर्वाण लाडू, मुगाचे लाडू आणि मिरीची शेव. संपले की पुन्हा थोडे करू." ती हसून म्हणाली, "आई, मग नातवंडांच्या चिवड्याचे काय?" म्हटले, "तो त्यांच्या बापाला भाजायला लाव. पोह्यांना कुठे मोठे शास्त्र लागते?"

मुगाच्या लाडवांचे माप देते. सालीची नको, धुतलेली मूगडाळ दोन वाट्या घ्या. आधी निवडून, कोरड्या फडक्याने पुसून घ्या. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, रंग गुलाबीसर होऊन वास सुटेपर्यंत भाजा. घाई केली तर वरून भाजते आणि आत कच्ची राहते. गार झाली की घरच्या जात्यावर किंवा मिक्सरवर रवाळ दळा. पाऊण वाटी साजूक तुपात हे पीठ पुन्हा पाच-सात मिनिटे परता. उतरवून कोमट झाले की सव्वा वाटी पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड घालून मळा. वळताना सुटे वाटले तर एक चमचा पातळ तूप घाला. दुधाचा हात लावू नका, पाण्याचा अंश गेला की मर्यादा बदलते. मध्यम आकाराचे अठरा-वीस लाडू होतात. चार माणसांच्या घराला तीन दिवसांना पुष्कळ.

शेवेत मी लाल तिखटाऐवजी ताजी कुटलेली मिरी आणि ओवा घालते. चव वेगळी लागते. मुलांनी विचारले तर सांगा, मंगरसाच्या काळी तिखट म्हणजे हेच होते. ती मात्र त्याच दिवशी तळायची आणि त्याच दिवशी खायची.

आणि तूप एकच ठेवा. देवाला आणि लेकरांना.

जय जिनेंद्र.